चार्जर धरून

माझ्या थोरल्या बहिणीच्या हातातच काटा आहे. हे मी कौतुकाने सांगत नाही, वैतागून सांगते आहे. ती पार्सल ऑफिसात वजनाच्या खिडकीवर बसते. सकाळपासून ट्रंका, गाठोडी, खोकी, शिलाई मशिनं, दोरीने आवळलेल्या गाद्या तिच्यापुढे येतात. ती प्रत्येक वस्तू आधी हाताने किंचित उचलते, तोंडाने वजन सांगते आणि मगच काट्यावर ठेवते. काटा बहुतेक वेळा तिचंच म्हणणं दाखवतो. नवीन गिऱ्हाईक असेल तर आ वासून बघत राहतं. ऑफिसात सगळे तिला काटाबाई म्हणतात आणि ते नाव तिला मनापासून आवडतं. एवढ्याशा गोष्टीची एवढी ऐट कशाला, असं मला नेहमी वाटायचं, पण धाकट्या बहिणीला विचारतो कोण?

घरीही तीच तऱ्हा. माझा मुलगा जन्मला तेव्हा नर्सने त्याचं वजन सांगितलं. ताईने बाळ हातात घेतलं, जरा वरखाली केलं आणि म्हणाली, "दुपट्यासकट मोजलंय तुम्ही." मी बाळंतीण, अंगात त्राण नाही, आणि ही बया माझ्या उशाशी नर्सशी वाद घालतेय. दुपटं काढून पुन्हा मोजायला लावलं तेव्हाच गप्प बसली.

ताईची एकुलती एक मुलगी म्हणजे आमची मुंगी. जन्मली तेव्हा अगदी एवढीशी होती म्हणून भावोजींनी हे नाव ठेवलं, ते कायमचं चिकटलं. भावोजी ट्रकवर असतात, घरी कमी आणि रस्त्यावर जास्त. त्यामुळे पोरीचं सगळं ताईनेच केलं. मी शेजारच्याच इमारतीत राहते, म्हणजे लुडबुड करायला मी होतेच.

मुंगी शाळेत असताना एकदा तपासणीला डॉक्टर आले. त्यांनी पोरांना एकेक करून खाली वाकायला सांगितलं. मुंगी वाकली आणि डॉक्टर तिच्या पाठीकडे बघत थांबले. तिच्या पाठीची एक बाजू दुसरीपेक्षा वर आली होती. कणा तिरका वाढत होता. घरी कळलं तेव्हा ताईच्या तोंडचं पाणी पळालं. मग पट्टा आला, व्यायाम आले, दवाखान्याच्या बाकावरचे तास आले. पोर पट्ट्यात अवघडून बसायची, उन्हाळ्यात तिच्या कमरेला पुरळ यायचं. पण कणा आटोक्यात आला. पट्टा सुटला त्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "आता फक्त पाठीवर ओझं नको. दुखणं परत डोकं वर काढेल."

"ओझं म्हणजे किती?" ताईने विचारलं.

"जितकं कमी तितकं चांगलं."

असलं उत्तर ताईला चालतंय होय? डॉक्टरांच्या टेबलासमोरून ती हललीच नाही. शेवटी त्यांनी कंटाळून "तीन किलो समजा" असं म्हटलं, आणि त्या दिवसापासून आमच्या घरात तीन किलो हा कायदा झाला. स्वयंपाकघराच्या दारावर ताईने एक लटकता काटा अडकवला. शाळेत जायच्या आधी मुंगीचं दप्तर त्याला लागायचं. जास्त भरलं तर वही बाहेर, डबा लहान, बाटली अर्धी. पोर रडायची, मैत्रिणी हसायच्या. ताई बधली नाही.

मुंगी कॉलेजात गेली तेव्हा पहिल्याच दिवशी तिने आईला सांगितलं, "आई, आता माझ्या बॅगेला हात लावायचा नाही. किती न्यायचं ते मला कळतं."

ताईचा चेहरा पडला. पण मी तिथेच होते, मीही पोरीची बाजू घेतली. म्हटलं, "अगं, मोठी झाली ती आता. किती दिवस दप्तर मोजणार आहेस?" ताई उठली, दारावरचा काटा काढला आणि कपाटात ठेवला. तिने शब्द दिला आणि पाळला. तिचं हे एक आहे, शब्द दिला की दिला. त्यानंतर मुंगीच्या बॅगेला तिने बोट लावलं नाही. बॅग वाटेत पडलेली असली तरी वळसा घालून जायची.

मुंगीने इतिहास घेतला होता. इतिहासवाल्यांना सारखे निबंध. हाताने लिहिलेला निबंध तिथे घेतच नाहीत, टाइप करूनच द्यायचा. म्हणजे कॉम्प्युटर आला. "कॉलेजात कॉम्प्युटरची खोली आहे, तिथे बसून करते मी," मुंगी म्हणाली. ताईला तेवढ्यापुरतं बरं वाटलं. पण घरचा एक हवाच, आणि तोही पोरीला उचलून नेता येईल असा. ताईने मनाशी हिशेब केला. वह्या, पुस्तक, डबा, पाणी हे सगळं धरून बॅग तीन किलोच्या आत राहायची तर लॅपटॉपला उरतं किलो-सव्वा किलो. "चार्जर धरून," ती म्हणाली. आणि आपल्याला परवडेल असा.

मग जे सुरू झालं ते बघून मी थक्क झाले. मला चप्पल घ्यायची असली तर पहिल्या दुकानात शिरते, दुसरा जोड घालून बघते आणि पहिला घेऊन बाहेर पडते. ताईने सुट्टीचा एकही दिवस सोडला नाही. बरोबर मी. कारण दुकानात इंग्रजी वाचायला तिला कोणीतरी लागायचं, आणि भांडायलाही.

पहिल्याच दुकानात तिने लॅपटॉप दोन्ही हातांवर घेतला, डोळे मिटले आणि म्हणाली, "एक किलो सातशे."

विक्रेता हसला. "मॅडम, इथे लिहिलंय बघा, एक किलो चारशे."

"चार्जर धरून?"

"चार्जर कोण धरतं?"

"माझी मुलगी धरते. चार्जर काय हवेतून येणार आहे तिच्या मागोमाग?"

आणि तिने पर्समधून तो कपाटातला काटा बाहेर काढला. मी धरणी दुभंगायची वाट बघत होते. विक्रेत्याचे डोळे पांढरे झाले. नवाकोरा लॅपटॉप एक बाई कापडी पिशवीत घालून आकड्याला लटकवते आहे, हे त्याने बापजन्मात पाहिलं नसणार. तो पिशवीखाली दोन्ही हात धरून उभा राहिला. मॅनेजर धावत आला. आम्हाला त्या दुकानातून जवळजवळ हाकलूनच दिलं, पण तोवर ताईने वजन बघून घेतलं होतं. तिचंच खरं होतं.

पुढच्या दुकानात नवीन तऱ्हा. तिथला पोरगेलासा विक्रेता गेम कसा पळतो, चित्रं कशी दिसतात, व्हिडिओ कसे कापता येतात हे सांगत सुटला. ताईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हे सगळं काढून टाकलं तर हलका होईल का?" तो बिचारा डोकं खाजवायला लागला. ताई म्हणाली, "तिला निबंध लिहायचेत हो. सिनेमा नाही काढायचा. सकाळी भरला की संध्याकाळपर्यंत पुरेल का ते सांगा, म्हणजे चार्जर घरी राहील. बोटं नीट बसतील का ते सांगा. पुढचं राहू दे."

कुठे वजन बसायचं तर किंमत ऐकून आम्ही सरळ पायऱ्या उतरायचो. कुठे किंमत बसायची तर तो उचलूनच ताई परत ठेवायची. एक अगदी पिटुकला मिळाला, स्वस्त आणि हलका. मी म्हटलं, सुटलो. ताईने मला त्याच्यावर टाइप करायला लावलं. अक्षरं इतकी जवळजवळ की एका बोटाखाली दोन दाबली जात होती. "यावर निबंध लिहिला तर पाठ वाचेल आणि मान जाईल," असं म्हणून तिने तोही नाकारला. माझं डोकं फिरलं. रस्त्यात तिला म्हटलं, "तुला घ्यायचाच नाहीये. तुला नुसते उचलून बघायचेत."

"घाई कशाची आहे? तिची कॉलेजात सोय आहे तोवर आहे. एकदाच घ्यायचा तर नीट घेऊ."

खरं सांगायचं तर तिला त्यात मजा येत होती. घरी आली की कुठला किती भरला ते मुंगीला रंगवून सांगायची. मुंगी ऐकायची, हसायची. कधी म्हणायची, "आई, थोडा जड असला तरी चालेल मला."

"तुला चालेल. पाठीला चालेल का?" ताई म्हणायची.

एकदा मुंगी माझ्याकडे आली तर बॅगेचे पट्टे जाड दोऱ्याने पुन्हा शिवलेले दिसले. मी चेष्टेने विचारलं, "काय गं, विटा भरतेस की काय?" ती म्हणाली, "हलक्या प्रतीची बॅग आहे मावशी, टाके उसवतात." मी बॅग बाजूला सरकवायला हात पुढे केला तर चटकन म्हणाली, "राहू दे, मी घेते." स्वतःच्या घरीही तिचं हेच चालायचं. आली की बॅग स्वतः उतरवायची, स्वतः खाटेखाली सारायची. कोणी पुढे झालं की, मी घेते. किती शहाणी पोर, कोणावर कशाचा भार नाही, असं मी चार जणींना सांगितलंही. तिचं चालणं तेवढं बिघडलं होतं. एक खांदा खाली, मान पुढे. ताई तिला फटकारायची, "सरळ चाल. सारखी त्या फोनमध्ये मान घालून बसतेस, होणार काय दुसरं?" पोर सरळ व्हायची आणि चार पावलांवर परत तशीच.

शेवटी लॅपटॉप मिळाला तो दुरुस्तीवाल्यांच्या गल्लीत. एका कंपनीने वापरून काढून टाकलेला, दुरुस्तीवाल्याने साफसूफ करून नवी बॅटरी घातलेला. ताईने हातावर घेतला आणि तिचा चेहराच बदलला. मला म्हणाली, "धर." मला काय कळतंय, पण हलका होता हे मलाही कळलं. अक्षरं मोठी, बोटं मोकळी. दुरुस्तीवाला काट्याला मुळीच दचकला नाही. उलट त्याने जाडजूड चार्जर बाजूला ठेवला आणि फोनसारखा छोटा चार्जर शोधून दिला. "हाही चालतो याला," म्हणाला. सगळं मिळून सव्वा किलोच्या आत. किंमतही आमच्या आवाक्यातली. ताईने पैसे दिले आणि तो लॅपटॉप छातीशी धरून ती घरापर्यंत चालत आली. रिक्षा करू म्हटलं तर म्हणाली, "वजन काय आहे त्याला?"

घरी मुंगी नुकतीच कॉलेजातून आली होती. लॅपटॉप बघून ती आधी हसली, मग रडायलाच लागली. आम्हाला वाटलं आनंदाने. तिने तो उघडला, त्यावर हात फिरवला, आईच्या गळ्यात पडली. ताई तर हवेतच होती. तिने पर्समधून काटा काढला, कपाटातून जुनं खिळ्याचं हूक आणलं आणि स्वयंपाकघराच्या दारावर अडकवलं.

"आज एकदाच," ती म्हणाली. "तुझी रोजची बॅग आण. लॅपटॉप घालून लावू. तीन किलोच्या आत भरते की नाही ते मला एकदा बघू दे. मग कधी हात लावणार नाही."

"राहू दे ना आई."

"अगं एकदाच."

"नको म्हटलं ना. मी उद्या रिकामी करून देते तुला."

"रिकामी कशाला? भरलेलीच मोजायची आहे." ताई हसत हसत वाकली आणि खाटेखालून तिने बॅग ओढली. मुंगी उठली, पण उशीर झाला होता. ताईने बॅग उचलली होती.

मी ताईला हजारो वेळा वस्तू उचलताना पाहिलं आहे. उचललं की तिच्या तोंडून आकडा येतो. त्या दिवशी तो आला नाही. बॅग हातात धरून ती तशीच उभी राहिली. हसू तोंडावर तसंच होतं आणि डोळ्यांत काहीच नव्हतं. मला आधी वाटलं हिला चक्कर येते आहे.

"ताई?" मी म्हटलं.

तिने बॅग नेऊन काट्याला लावली. तो काटा ताणला गेला, खाली आला, हूक वाकलं. सात किलोच्याही पुढे. ताईने आकडा वाचला नाही, तिला वाचायची गरज नव्हती. तिने बॅग काढून जमिनीवर ठेवली, स्वतः तिच्यापुढे बसली आणि चेन उघडली. आत दोन वह्या होत्या, डबा होता, आणि जुन्या स्वेटरमध्ये गुंडाळलेला एक काळा लॅपटॉप होता. तसले मी फार पूर्वी ऑफिसांतून टेबलावर पाहिले होते. त्याच्या खाली चार्जर, चांगला विटेएवढा.

"कोणाचा?" ताईने विचारलं.

"कॉलेजचा," मुंगी म्हणाली. "कॉम्प्युटरची खोली बंद झाली आई. मी कॉलेजात गेले त्याच वर्षी. मशिनं जुनी झाली म्हणून. इतिहासाच्या बाईंनी त्यातलं एक मला दिलं. म्हणाल्या, चालतंय तोवर वापर."

"त्याच वर्षी," ताई म्हणाली.

"सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, जड आहे, परत दे. मग निबंध कशावर लिहिले असते मी? हलका कधी मिळेल ते तुलाच माहीत नव्हतं." मग जरा थांबून म्हणाली, "आणि तू इतक्या हौसेने शोधत होतीस."

मला एकदम एक शंका आली. मी म्हटलं, "अगं पण घरी ठेवायचं ना ते धूड. रोज कशाला वाहायचं?"

"बाहेर काढून घरी ठेवलं असतं तर आईला दिसलं असतं. लिहायचे कॉलेजच्या लायब्ररीत बसून, पण तिथे ठेवू देत नाहीत."

म्हणजे आईपासून लपवायचं म्हणून ही पोर ते धूड रोज पाठीवर घेऊन जात होती आणि रोज पाठीवर घेऊन परत येत होती. खरं सांगते, त्याच क्षणी दोघींच्या एकेक थोबाडीत द्यावीशी वाटली. एकीला बोलायला काय झालं होतं, आणि दुसरीला विचारायला?

"हे रोज होतं?" ताईने विचारलं.

"रोज."

"चार्जर धरून?"

ती हे मुद्दाम म्हणाली नाही. सवयीने तोंडातून गेलं तिच्या. पण मुंगीचा चेहरा वेडावाकडा झाला. "हो," ती म्हणाली. "बॅटरी मेलेली आहे त्याची. चार्जर धरून."

ताई उठली. मुंगीला उजेडाकडे पाठ करून उभं केलं आणि म्हणाली, "वाक." मुंगी खाली वाकली, लहानपणी वाकायची तशी. ताईने तिचा कुडता वर केला. खांद्यांवर पट्ट्यांचे काळपट वळ पडले होते. पाठीची एक बाजू वर आली आहे की नाही, हे मला नीट कळेना. ताई मात्र बघत राहिली. तिने पाठीवर तळवा ठेवला आणि तिथेच ठेवला. मग खालच्या आवाजात, स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "सगळ्या जगाची गाठोडी उचलून बघते मी."

मुंगी म्हणाली, "मीच म्हटलं होतं ना हात लावू नकोस."

ताईने ऐकलं की नाही कोण जाणे. मी डॉक्टरांकडे फोन लावला, दुसऱ्या दिवशी दुपारची वेळ मिळाली. तो काळा लॅपटॉप मीच उचलून टेबलावर ठेवला. मला एका हाताने उचलवेना.

सकाळी मी त्यांच्याकडे गेले तेव्हा मुंगी निघायच्या बेतात होती. दुपारी दवाखाना होता, पण त्याआधी निबंध देऊन यायचं होतं. बॅगेत नवा लॅपटॉप, एक वही, छोटा चार्जर. ताईने बॅग काट्याला लावली नाही. काटा दारावर नव्हताच. ती भिंतीला टेकून उभी होती. रात्रभर तिचा डोळा लागला नव्हता हे दिसत होतं. मुंगीने बॅग खांद्याला लावली, "हलकी आहे गं आई," असं म्हणून हसली आणि जिना उतरली.

आम्ही दोघी गॅलरीत आलो. मुंगी खाली रस्त्यावर आली आणि चालू लागली. पाठीवर जवळजवळ काहीच नव्हतं. तरी तिचा एक खांदा खाली होता, मान पुढे होती, आणि ती कडेकडेने तिरपी चालली होती, अगदी रोजच्यासारखी.

माझ्या अंगावर काटा आला. शेजारी बघते तर ताई नाही. जिन्यावर धाडधाड पावलं वाजली. माझी बहीण, जिने धावणं शाळेतच सोडलं होतं, ती अनवाणी रस्त्यावरून धावत सुटली. भाजीवाला हातगाडी थांबवून बघत राहिला. तिने मुंगीला गाठलं आणि बॅगेच्या पट्ट्याला हात घातला. मुंगी नेहमीप्रमाणे अंग काढून घ्यायला लागली. वरून मला ऐकू येत नव्हतं, पण तिचे ओठ दिसत होते. मी घेते, मी घेते.

ताईने पट्टा सोडला नाही. दोघी तशाच उभ्या राहिल्या. मग मुंगीने आधी एक हात पट्ट्यातून काढला, मग दुसरा. ताईने ती बॅग आपल्या पाठीला लावली आणि दोघी बसच्या थांब्याकडे निघाल्या. ताई अनवाणीच होती. तिच्या चपला घेऊन मी खाली उतरले.